गुरुजींची छत्री

चांगला माणूस पाहिजे म्हणून ओरडता आणि तो उभा राहिला की त्यालाच पाडता! आमचे गुरुजी विधानसभेला चौथ्यांदा अपक्ष उभे होते. मी कॉलेजात असल्यापासून त्यांच्यासोबत फिरतोय. अपक्षाचं चिन्ह दर निवडणुकीत बदलतं. पहिल्यांदा त्यांना छत्री मिळाली होती. यंदा कपबशी होती आणि छत्री दुसऱ्याच कुणाकडे गेली होती. मुरुम गावच्या बाजारात पायांचे तुकडे पडेस्तोवर पत्रकं वाटली. शेवटी भाजीवाल्या काशीबाईंपुढं गुरुजींनी हात जोडले.

"मावशी, ह्या बारीला पडलो तर परत उभा राहणार न्हाय."

काशीबाई कळवळल्या. "असं नका बोलू गुरुजी. आमच्या घरची पाची मतं दर बारीला तुमच्या छत्रीलाच असत्यात!"