अण्णांच्या गाडीचा नवा डॅशबोर्ड

वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, काही समजावून सांगायचं म्हणजे काय असतं, ते ऐका. अण्णांनी घेतलेली एक जुनी मोटारगाडी आमच्याकडं आहे. आता ती मी चालवतो आणि अण्णा शेजारी बसतात. उन्हानं डॅशबोर्डचा पॅड तडकला होता, आतल्या स्पंजचा भुगा त्यांच्या धोतरावर पडायचा. म्हणून परवा पाथरीला नवा पॅड बसवायला नेली, तर अण्णा सीटवरून उठेनात.

मिस्त्री म्हणाला, "काका, उतरा की जरा."

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "कधी इकायलास गाडी?"

"इकायची कुठं हाय, अण्णा?"

"मला शिकवू नको. बैल बाजारात न्यायच्या आधी आपण शिंगं साळून गुळगुळीत करायचो, तेल लावायचो. तेल चोळायला तूच पुढं असायचास. अन् बैल निघाला की लय रडायचास."

मला त्या तेलाचा वाससुद्धा आठवला. अण्णा कसेबसे उतरले, पण बाकड्यावर तोंड फिरवून बसले.

काळाभोर पॅड बसला. चहा पीत उभा असलेला एक जण खिडकीतून डोकावला. "झकास ठेवलीय गाडी. कितीला देता?"

अण्णांनी चटकन माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "मालक ते आहेत. त्यांनाच विचारा."

अण्णा उठले, आत बसले, नव्या पॅडवर हात फिरवला आणि म्हणाले, "गाडी द्यायची न्हाई. हा डायवर पायजे असंल तर न्या. लय जोरात पळवतो."