सदर मृत मांजरीबाबत

मी, गजआत्या (कागदावरचं नाव ठाण्याच्या रजिस्टरात लिहिलेलं आहे, पण त्या नावाने मला आजवर फक्त विजेच्या बिलाने हाक मारली), वय वर्षे ६१, धंदा शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागचं दुमजली घर, खालचा मजला, आज बुधवारी दुपारी तीन वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकोणचाळीस वर्षं राहते. वरच्या मजल्यावर माझा भाऊ राहतो, वय ६६. तो बस स्थानकावर भोंग्यावरून गाड्या पुकारायचा, आता निवृत्त आहे. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, वय २९, त्याच्याजवळ राहतो. भाचा स्वतःचे सिनेमे स्वतः बनवतो. म्हणजे गोष्टही तोच लिहितो, कॅमेराही तोच धरतो आणि जेवायला उशीरही तोच करतो.

या जबाबात माझ्या भावाचा उल्लेख 'वरचा' असा करावा. आम्ही नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाही. त्याचा इथे काय संबंध, असं मी हवालदारांना विचारलं. संबंध आहे की नाही ते आम्ही ठरवू, असं ते म्हणाले, म्हणून सांगते. नऊ वर्षांपूर्वी शाळेच्या गणवेशांची पिशवी माझ्या हातून बस स्थानकावर राहिली. ती पिशवी मीच शिवलेली होती आणि वरच्याने ती ओळखली होती. तरी त्याने भोंग्यावरून पुकारलं की, गणवेशांची पिशवी विसरून गेलेल्या वेंधळ्या बाईंनी चौकशी खिडकीवर यावं. असं तीनदा. सगळं स्थानक हसलं. माणसाने काय ते घरी म्हणावं, भोंग्यावरून म्हणू नये. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला.

तेव्हापासून काही सांगायचं झालं तर मी शिवणाच्या लाकडी गजाने छताला ठोकते. एकदा ठोकलं की नळाला पाणी आलं, दोनदा ठोकलं की टीव्हीचा आवाज कमी करा. तोही वरून पाय आपटून उत्तर देतो. नऊ वर्षांत यात एकदाही गैरसमज झालेला नाही, हे नमूद करावं.

वरच्याच्या घशात गाठ आहे. उद्या सकाळी सात वाजता ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत, त्यानंतर त्याला बोलता येणार नाही. आज संध्याकाळी सहाला त्याला दवाखान्यात भरती व्हायचं आहे. हे मला भाच्याने महिन्यापूर्वी सांगितलं. मी 'बरं' म्हटलं. त्या दिवशी मी एका सदऱ्याला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. चाळीस वर्षांच्या धंद्यात असं प्रथमच झालं.

भाच्याला बापाचा आवाज त्याआधी टिपून ठेवायचा होता. वरचा हट्टी आहे. 'मी काय मेलोय का,' म्हणत तो महिनाभर टाळत राहिला आणि शेवटच्या दिवशी, म्हणजे आज, बसायला तयार झाला. त्यासाठी भाच्याने नवीन सामान मागवलं. कॅमेऱ्याभोवती बसवायचा लोखंडी पिंजरा, डोलणारी दांडी, तिपाई, दिवे, माईक आणि त्यांना लागणाऱ्या शंभर बारीकसारीक वस्तू. खोकी माझ्याच दारावरून वर गेली. एका माणसाचं बोलणं टिपायला एवढा लवाजमा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी तर ते नुसत्या कानांनी ऐकत आले.

आज सकाळी पावणेदहाच्या सुमारास मी जिन्याखाली दोऱ्याची गुंडाळी शोधत होते. वरच्या गॅलरीतून भाचा फोनवर कुणाशी तरी बोलत होता. त्याचे शब्द असे, 'मेलेली मांजर आली काल. राखाडी आहे, भलती मऊ. शॉटगनवर चढवली की झालं. आज बाबांच्या तोंडासमोर धरतो, म्हणजे वाऱ्याचा त्रास नको.' हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. गन म्हणजे बंदूक एवढं मलाही कळतं, पण माझं घोडं मांजरीपाशीच अडलं.

माझा समज असा झाला की, हा घशाच्या दुखण्यावरचा काहीतरी अघोरी उपाय आहे. हल्लीची मुलं मोबाइलवर बघून काहीही करतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रोग्याच्या तोंडाशी मेलेलं जनावर धरलं तर रोगी उद्याची सकाळ बघेल का, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दोऱ्याची गुंडाळी शोधायची राहिली.

भाच्याला सरळ का विचारलं नाही, असं विचारल्यावरून सांगते की, तो तोवर वरच्याच्या खोलीत गेला होता. त्या खोलीच्या उंबरठ्यावर मी नऊ वर्षं पाय ठेवलेला नाही. गजाने ठोकून विचारावं म्हटलं तर मेलेल्या मांजरीसाठी किती ठोके, ते आमचं ठरलेलं नव्हतं.

म्हणून मी बाहेरच्या जिन्याने गच्चीवर गेले. तिथे कठड्याच्या सावलीत सदर मृत मांजर पडलेली होती. रंग राखाडी, केस लांब, अंग ताठ झालेलं. तोंड कुठे आणि पाय कुठे ते मी बघितलं नाही, मेलेल्याचं काय बघायचं. शेपटी काळी आणि बारीक होती आणि शेपटीला एक डबी बांधलेली होती. डबीवर तांबडा दिवा लागलेला होता. तो डॉक्टरी प्रकार असेल, असं मला वाटलं. मी ते सगळं उशीच्या अभ्र्यात गुंडाळून खाली आणलं. माझा चेनी ठेवायचा लांबट पत्र्याचा डबा रिकामा केला. परसात कुंपणाजवळ हातभर खड्डा खणून त्यात डबा पुरला आणि वर गुलाबाचं कलम लावलं. वेळ अंदाजे सव्वादहा.

झाकण लावण्याआधी मी मांजरीशी थोडं बोलले. काय बोलले ते या प्रकरणाशी संबंधित नाही.

कुंपणापलीकडे राहणारे कवळीवाले, म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारे शेजारी, यांच्याकडे एक राखाडी मांजर आहे. धंद्याचा अभिमान म्हणून त्यांनी तिचं नाव 'दाढ' ठेवलं आहे. ती तीन दिवसांपासून सापडत नव्हती. कवळीवाल्यांनी मला कुंपणाआडून खड्डा बुजवताना पाहिलं आणि अर्धवट ऐकलं. 'त्याला कायमचं गप्प करणार' असं मी म्हटल्याचं ते सांगतात. ते धावत इथे आले आणि 'माझी दाढ गेली हो' म्हणून ओरडू लागले. ठाण्यात त्यांना आधी समोरच्या दवाखान्याचा रस्ता दाखवण्यात आला, असं मला कळलं.

त्याच वेळी माझा भाचा, गच्चीवरून माईक चोरीला गेला म्हणून इथेच आला. दोघे एकाच टेबलापाशी एकाच हवालदारांना एकाच राखाडी केसाळ वस्तूबद्दल सांगत होते आणि दोघांचं एकमेकांशी भांडण चाललं होतं. त्यानंतर सगळे माझ्या परसात आले.

पंचांसमक्ष माझं गुलाबाचं कलम उपटण्यात आलं. ते परत लावून देतो म्हणाले होते, अजून दिलेलं नाही. डबा उघडला. पंचनाम्यात 'एक मृत मांजर, डोके नसलेली, पाय नसलेली, शेपटी रबरी, शेपटीस डबी, डबी चालू स्थितीत' असं लिहिलं गेलं. भाचा खाली बसून हसायला लागला आणि मग रडायला लागला. सदर मृत मांजर ही मृत नसून मांजरही नसल्याचं तेव्हा निष्पन्न झालं. भाच्याने समजावलं ते असं की, माईकमध्ये वाऱ्याची घरघर शिरू नये म्हणून त्यावर केसाळ टोपरं घालतात. धंद्यात इंग्रजीत त्याला 'डेड कॅट' म्हणतात. त्याचं मराठी हे लोक गंमत म्हणून करतात. लांब माईकला शॉटगन म्हणतात, तिच्यात गोळी नसते. 'ध' चा 'मा' झाला तो असा. माझं म्हणणं, टोपऱ्याला टोपरं म्हणायला यांचं काय जातं.

एवढ्यात माईक ठेवायला वरून आणलेली भाच्याची कॅमेऱ्याची रिकामी बॅग पंचांनी उघडली. तिच्यात लेन्ससाठी कापलेल्या मऊ खाचेत दाढ झोपलेली होती. तीन दिवस ती वरच्याच्याच खोलीत होती. वरच्याने तिला दूध घातलं आणि कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हा स्वभाव आमच्या घराण्याचा आहे, हे मी मान्य करते.

कवळीवाल्यांनी तरीही तक्रार मागे घेतली नाही. मांजर जिवंत असली तरी हेतू मेलेल्या मांजरीचा होता, असं त्यांचं म्हणणं आहे. मी कुणाला गप्प करणार होते, हे ठरवण्यासाठी सदर डबीतलं ध्वनिमुद्रण ठाण्यात सर्वांसमोर वाजवण्यात आलं. डबी मी उचलली तेव्हापासून चालूच होती. त्यात आधी माझ्या चपलांचा आवाज, मग फावड्याचा, मग माझा आहे. माझं बोलणं एक मिनिट चाळीस सेकंदांचं आहे. ते लिहू नये अशी मी विनंती केली. आवश्यक तेवढंच लिहितो, असं हवालदार म्हणाले. आवश्यक तेवढं असं, 'उद्या त्याला कायमचं गप्प करणार आहेत गं. नऊ वर्षं मी बोलले नाही, पण तो वर फोनवर बोलतो तेव्हा मी मशीन बंद करून ऐकते. आता मी काय ऐकू?' हा 'तो' म्हणजे मांजर नव्हे, हे कवळीवाल्यांना पटलं. त्यांनी दाढेला मांडीवरून खाली ठेवलं आणि तक्रार मागे घेतली.

ध्वनिमुद्रण वाजत असताना, भाच्याबरोबर ठाण्यात आलेला वरचा माझ्याच बाकावर बसलेला होता. तो छताकडे बघत होता.

आता माझी विनंती. माईक, टोपरं आणि डबी मुद्देमाल म्हणून जमा झाली आहेत. मोठ्या साहेबांच्या सहीशिवाय ती परत मिळत नाहीत आणि साहेब उद्या दुपारी येणार. उद्या दुपारी वरच्याला आवाज नसेल. भाच्याजवळ दुसरा माईक नाही. मोबाइलवर टिपतो म्हणाला, तर वरचा म्हणाला, 'एकतीस वर्षं भोंग्यावर बोललो, आता त्या टिचभर खेळण्यात बोलू का?' हट्टीपणा मी वर सांगितलाच आहे. चूक माझी आहे, त्याची शिक्षा वरच्याला आणि पोराला होऊ नये. मला आत ठेवायचं तर ठेवा, पण माईक सोडा. मी आजवर कुणाकडे काही मागितलेलं नाही.

यावर हवालदारांनी नियमांची वही चाळली. वस्तू सोडता येत नाही, पण ती मांजर नसून माईक आहे याची ठाण्यातच चाचणी घ्यावी लागेल आणि चाचणीची नक्कल फिर्यादीला देता येईल, असं ते म्हणाले. चाचणीला कुणीतरी काहीतरी बोलायला हवं. त्यांच्यासमोर माझा हा जबाब पडलेला होता. तो मोठ्याने वाचणं भागच होतं.

पुरवणी. वरील सर्व मजकूर, माईक चालू ठेवून, मला वाचून दाखवण्यात आला. हवालदारांनी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा 'सदर मृत मांजर' इथे त्यांना हसू आवरेना. तेव्हा वरच्याने कागद त्यांच्या हातातून घेतला, उभा राहिला आणि भोंग्यावर उभा राहायचा तसा सरळ होऊन त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आवाज बसका होता, पण कोपऱ्यातल्या शिपायालाही प्रत्येक शब्द कळला. 'वरचा हट्टी आहे' हेही त्याने गाडीची वेळ सांगावी तसं वाचलं. 'आता मी काय ऐकू' इथे तो थांबला, पाणी प्यायला आणि पुढे गेला. भाचा माईक धरून उभा होता. वाचन सत्तावीस मिनिटं चाललं.

वाचताना गणवेशांच्या पिशवीच्या हकिगतीतला एक शब्द त्याने गाळला. 'बाईंनी' हा शब्द वाचला, त्याआधीचा वाचला नाही. हवालदारांनी ते निदर्शनास आणून दिलं. मी म्हटलं, वाचलंय ते बरोबर आहे, पुढे चला.

शेवटी कागद खाली ठेवून तो सवयीने म्हणाला, 'प्रवाशांनी आपलं काही राहिलं नाही ना, याची खात्री करून घ्यावी.' ठाण्यातले सगळे हसले. मी हसले नाही. मी उठून त्याच्यासमोर गेले आणि म्हटलं, एक राहिलंय. हवालदारांनी विचारल्यावरून ती दुरुस्ती सांगते, वर जिथे जिथे 'वरचा' लिहिलं आहे, तिथे तिथे 'दादा' असं वाचावं. बाकी जबाब मी सांगितल्याप्रमाणे खरा आहे आणि तो मी माझ्या कानांनी पूर्ण ऐकला आहे.

समक्ष, सही गजआत्या. वेळ दुपारी चार वाजून पन्नास मिनिटं.