विरघळणारी पट्टी

बसा मंडळी, पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकलेत त्यांना मात्र हलवू नका, आजचं आख्यान त्यांच्यासाठीच आहे! घ्या एकदा देवाचं नाव, मोठ्यानं... हं. आवाजावरून कळतं, निम्मी मंडळी अजून जेवणाच्या पाटावरच आहेत.

तर प्रश्न असा. पडत्या माणसाला हात द्यावा, हे सांगायला कीर्तनकार लागत नाही. ते आई सांगते, शाळा सांगते. पण दिलेला हात काढून कधी घ्यावा? हे सांगितलंय कुणी? पोराला सायकल शिकवताना आपण मागचं कॅरिअर धरून पळतो. ते सोडायचं कधी? लवकर सोडलं तर गुडघे फुटणार. आणि सोडलंच नाही तर? पोरगं चाळिशीला आलं तरी बाप मागं पळतोय! हसू नका. तुमच्यातले काही आत्ताही पळताहेत, इथपर्यंत धाप ऐकू येते मला.

आजच्या आख्यानात राजा नाही, ऋषी नाही. एक रसायनशास्त्राचा प्राध्यापक आहे. नाव मायाप्पा दुधाळ. मूळचा जत भागातला, मेंढरामागं वाढलेला, शिकून सांगलीच्या कॉलेजात सर झालेला. बायको कलावती, आणि एकच मुलगी, रेवती. गोष्ट माझी रचलेली आहे बरं का. पण त्यात हाडाबद्दल आणि धातूबद्दल जे सांगेन, ते जाणत्या लोकांना विचारून सांगतो. उगाच उद्या दवाखान्यात जाऊन म्हणू नका, बुवांनी पट्टी लिहून दिलीय!

रेवती आठ वर्षांची असताना चिंचेच्या झाडावरून पडली. डाव्या मांडीचं हाड मोडलं. मिरजेला नेलं, तिथं डॉक्टर रुख्साना बारगीर या हाडांच्या बाईंनी पाय उघडून स्टीलची पट्टी बसवली, स्क्रूनं आवळली. हाड जुळलं. पोरगी पळायला लागली. घरात पेढे वाटून झाले — आणि वर्षानं बाई म्हणाल्या, आता पट्टी काढायची, वाढत्या वयाच्या हाडात ती राहून चालायची नाही. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा चिरायचं, पुन्हा टाके.

ऑपरेशनला नेताना ती पोर बापाचा शर्ट धरून म्हणाली, "आबा, बरा झालेला पाय परत का कापायचा?"

काय सांगणार हो? आहे का कुणाकडं उत्तर? मायाप्पा दाराबाहेर उभा राहून रडला. आणि त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. अशी पट्टी करायची, जी हाडाला जुळेपर्यंत धरेल आणि मग आपोआप शरीरात विरघळून जाईल. काढायला पुन्हा सुरी नको.

आता धातू विरघळतो का? विरघळतो! मॅग्नेशियम नावाचा धातू आहे. आपल्या बाजरीत आहे, पालेभाजीत आहे, आत्ता तुमच्या अंगातही आहे. पाणी लागलं की हळूहळू झिजतो, आणि झिजलेलं शरीर सोसून घेतं. मायाप्पानं त्यात थोडं जस्त मिसळलं, थोडं कॅल्शियम मिसळलं, आणि पट्टी केली. पण खरी अडचण पुढंच होती. झिजायचं म्हणजे किती वेगानं? हाड जुळायच्या आत पट्टी गेली तर पाय पुन्हा मोडायचा!

म्हणून त्यानं काय केलं, तर काचेच्या बरणीत मिठाचं पाणी घेतलं, शरीरात असतं तेवढं खारट, तेवढंच कोमट. त्यात पट्टी सोडली. सोडल्या सोडल्या बुडबुडे! आमच्या तबलजींच्या घरी चहा उकळतो ना, तसे. बुडबुडा म्हणजे झीज. मायाप्पा घाबरला. त्यानं पट्टीवर एक पातळ थर चढवला, मुलाम्यासारखा. बुडबुडे कमी झाले, थांबले नाहीत. अजून एक थर. तरी एखादा बुडबुडा. अजून एक. वर्षानुवर्षं हेच. बुडबुडा दिसला की थर, बुडबुडा दिसला की थर!

आणि मंडळी, इथं नीट ऐका. प्रयोगशाळेत तो जे पट्टीला करत होता, तेच घरी पोरीला करत होता. शाळेला सोडायला आबा, आणायला आबा. खेळाच्या तासाला हिला बसवा म्हणून मास्तरांना सांगणारे आबा. सहलीला नाही, पोहायला नाही, गाडी शिकायची नाही. कुठं मुलगी लंगडल्यासारखी वाटली की एक थर! अहो, पाय केव्हाच बरा झाला होता. पण बापाच्या डोळ्यांपुढचं चिंचेचं झाड काही हलेना.

तशातच रेवती मोठी झाली. फिजिओथेरपी शिकली, म्हणजे पडलेल्यांना पुन्हा चालायला शिकवण्याची विद्या. सांगलीतच शिकली, कारण आबांच्या नजरेसमोर. आणि शिकून झाल्यावर तिनं एक दिवस जेवताना सांगितलं, की सातपुड्यात धडगावकडं एक छोटं रुग्णालय आहे, तिथं मला बोलावलंय, मी जाणार.

मायाप्पाचा घास हातातच राहिला. डोंगर, चढउतार, पाड्यापाड्यांवर पायी फिरायचं, आणि हिचा तो पाय! तो नाही म्हणाला. ती का म्हणाली. तो नाही म्हणजे नाही म्हणाला. घरात बोलणं बंद. कलावती बिचारी मधल्या मध्ये, याचा निरोप तिला आणि तिचा याला, एकाच घरात पोस्टमन झालेली. धडगावला कळवायची मुदत जवळ येत चालली.

मग बापानं काय ठरवलं? मंडळी, प्रेम माणसाला कुठल्या थराला नेतं बघा. त्यानं ठरवलं, मिरजेला जायचं आणि बारगीर बाईंना विनवायचं, की तुम्हीच रेवतीला सांगा, तुझा पाय डोंगराला चालणार नाही. डॉक्टरांचं ती ऐकेल. खोटं होतं का? होतं. त्याला कळत होतं का? कळत होतं. तरी गेला. तुम्ही गेला नसता? छातीवर हात ठेवून सांगा... कुणाचाच हात हलला नाही, ठीक आहे.

आता योग असा, की त्याच्या पट्टीची चाचणी त्या वेळी शेळ्यांवर चालली होती आणि हाडांचं काम बारगीर बाईच बघत होत्या. काही शेळ्यांना जुनी पातळ थराची पट्टी, काहींना नवी जाड थराची. पातळ थराच्या शेळ्या चाचणीतून काढून टाका, असा मायाप्पानं आग्रह धरला होता. बाईंनी ऐकलं नव्हतं. मायाप्पा रेवतीचा विषय काढणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, आधी हे बघा, आणि त्यांनी दोन एक्स-रे उजेडाला लावले.

पहिल्यात जाड थराची पट्टी. जशी घातली तशी, लखलखीत, कुठं झीज नाही. मायाप्पाचा चेहरा फुलला. त्यानं हात जोडले, म्हणाला, देवानं लाज राखली, बघा कशी टिकलीय!

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, पट्टी बघू नका. हाड बघा."

त्यानं हाड बघितलं. पट्टीखालचं हाड पातळ झालं होतं, विरलेल्या कापडासारखं. का? सांगतो. हाडाचं असं असतं मंडळी, त्याच्यावर भार पडला तर ते घट्ट होतं. भार पडला नाही, की ते म्हणतं, माझं इथं काही काम नाही, आणि आपलंच अंग काढून घ्यायला लागतं. पट्टीनं सगळा भार स्वतः उचलला होता. पट्टी टिकली आणि हाड खंगलं!

दुसऱ्या एक्स-रेत पातळ थराची पट्टी. कडा धूसर झालेल्या, जागोजाग झिजलेली. दिसायला गरीब. पण तिच्याखालचं हाड भरलेलं, भक्कम. ती जसजशी सोडत गेली, तसतसा भार हाडानं घेतला होता.

मायाप्पा म्हणाला, हे शक्य नाही. बरणीत तर पातळ थराची पट्टी पावसातल्या ढेकळासारखी झिजत होती! बाई हसल्या. म्हणाल्या, तुमच्या बरणीत नुसतं मिठाचं पाणी होतं. अंगात रक्त असतं, प्रथिनं असतात, ती धातूवर चिकटून बसतात आणि झीज मंदावते. शरीर पट्टीला सांभाळून घेत होतं सर, तुम्ही बरणी बघून घाबरत राहिलात.

बरणी बघून घाबरलात! लिहून ठेवा हे, बायाबापड्यांनो. आपण लेकराची काळजी करतो ती कुठं बघून? पेपरातली बातमी बघून, शेजारणीच्या भाच्याचं ऐकून, आपल्या मनातल्या खाऱ्या पाण्यात बघून. लेकराच्या अंगात काय आहे, ते कुठं बघतो आपण?

मायाप्पा खुर्चीत बसला. ज्यासाठी आला होता ते शब्द ओठावर येईनात. शेवटी एवढंच विचारलं, की रेवतीचा पाय डोंगरात टिकेल का. बाई म्हणाल्या,

"तिची पट्टी मी काढली तेव्हाच ते हाड पूर्ण जुळलं होतं. त्या पायाला काही झालेलं नाही. तुम्ही चालू दिला नाहीत, म्हणून तो बारीक राहिलाय."

धरा रे सूर पेटीवर... हळू. दोन ओळी म्हणतो. माझ्याच आहेत, कुठल्या संताच्या नावावर खपवू नका!

धरिलें मायेनें, सोडवेना हात ।
हातामध्यें हात, झिजे बाळ ।।

घरी आला मायाप्पा. तुम्हाला वाटेल, आता बाप म्हणणार जा बाळ, आणि पोरगी आनंदानं उड्या मारणार. सिनेमात होतं तसं! ऐका काय झालं. त्यानं रेवतीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. शेळ्यांचं सांगितलं, हाडाचं सांगितलं, आणि बाईंना खोटं बोलायला सांगायला गेलो होतो, तेही सांगितलं. म्हणाला, माझं चुकलं पोरी, तू जा धडगावला.

रेवतीला राग आला. यायलाच हवा. इतकी वर्षं मैत्रिणींबरोबर कुठं गेले नाही, जिना चढताना कठडा धरून चढले, रोज पेशंटना सांगते पाय टाका, भिऊ नका, आणि स्वतः भीत राहिले, ते कशासाठी, असं विचारत राहिली. मग तिचा राग ओसरला. आणि ती जे बोलली ना मंडळी, ते ऐकून त्या बापाला एक्स-रे पुन्हा दिसला.

"आबा, तुम्ही नाही म्हणत होता तोवर मला जायचं होतं. आता तुम्ही जा म्हणताय, तर मलाच भ्या वाटाय लागलंय. एकदा नको म्हणा ना."

बघा! बघा कसं असतं ते! पट्टी सुटायची म्हटल्यावर हाडच म्हणतंय, नको, राहू दे. आणि बापाला काय हवं होतं इतके दिवस? हेच! पोरगी स्वतःच्या तोंडानं मागतेय. एक शब्द बोलला असता, नको, की सगळं जिथल्या तिथं. घर, जेवण, संध्याकाळी दारात वाजणारी तिची चप्पल. सगळं जागच्या जागी राहिलं असतं आणि दोघांनी त्याला प्रेम म्हटलं असतं.

मायाप्पा म्हणाला, "नको म्हणणार न्हाई, रेवा. मला लई वाटतंय म्हणावं. पर म्हणणार न्हाई."

ती रडली, तो रडला, आत कलावती पदर तोंडाला लावून रडली. आणि दोन दिवसांनी रेवतीनं बॅग भरली.

सांगलीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, पुढं धडगावला बदलून जायचं. मायाप्पानं बॅग उचलायला हात घातला आणि परत घेतला. रेवतीनं स्वतः उचलली. बॅग जड, एसटीची पायरी उंच, मागून लोकांचा रेटा. डावा पाय पायरीवर ठेवला आणि ती डगमगली. बापाचा हात सुटला पुढं! तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर आला, आणि थांबला. मंडळी, त्या वीतभर अंतरात त्या माणसाची सगळी तपश्चर्या होती. दांडा तिनंच धरला, तीच सावरली, आत जाऊन खिडकीशी बसली. तिनं मागं वळून बघितलंच नाही, म्हणून तिला माहीतही नाही, की हात आला होता.

पुढं काय झालं म्हणाल, तर पाय एकदा मुरगळला तिथं, खोटं कशाला सांगू. तिनंच शेकला, तिनंच बांधला, आईला फोनवर सांगितलं आणि आबांना सांगू नको म्हणाली. आईनं अर्थातच सांगितलं. आबा गेले नाहीत. पातळ थराची पट्टी परवानगीच्या रांगेत आहे, माणसांच्या अंगात अजून यायची आहे. संशोधन असंच चालतं, आख्यानासारखं तासात संपत नाही.

आता तुमच्याकडं येतो. तुम्ही माझ्याकडं येता आणि रडता, बुवा, इतकी भक्ती केली, अडचणीत हाक मारली, देव काही आला नाही. तुम्ही मागं वळून बघितलं होतं का? तुम्ही डगमगलात तेव्हा कुणाचा हात वीतभर अंतरावर येऊन थांबला असेल, हे तुम्हाला काय माहीत? आयुष्यभर उचलून नेणारा देव मागू नका. त्यानं तसं नेलं असतं, तर आज या मांडवात आपण आपल्या पायांनी चालत आलो नसतो.

आणि देवाचं राहू द्या, आपलं बघू. ती तिसऱ्या रांगेतली माउली, मघापासून बघतोय मी, मुलाचा शर्ट सारखा करतेय, केस सारखे करतेय, मुलाला मिशी फुटलीय! राग मानू नका. मलाही एक मुलगा आहे, म्हणून हे कळतं. सोडताना दुखतं, फार दुखतं. ज्याचं दुखत नाही त्यानं कधी धरलंच नव्हतं.

उठा आता, आरतीला उभे राहा. प्रसाद वाटायला येतील, तेव्हा एवढंच करा. मुलाची ओंजळ त्याची त्यालाच धरू द्या. थोडा शिरा सांडेल खाली. सांडू द्या.