अंडं, फुली आणि अंड्यांची माळ

ऊन म्हणजे कसलं ऊन हो त्या दिवशी! चेन्नईतला मे, गच्चीवर टाकलेले वडाम, म्हणजे इथल्या कुरडया, तासाभरात कडकडीत, समुद्राचा वारा कुठं अडकला होता कोण जाणे... आणि नेमका त्याच दिवशी आमचा कंप्यूटर निळा पडला. तुम्हाला सांगतो, मी हात लावला नव्हता!

आमची सून नीलम, तिची दुपारी तीनला परीक्षा, घरातूनच, कंप्यूटरवर. सिरुसेरीची कंपनी, तीन वर्षांनी पोरीनं नोकरीसाठी अर्ज केलेला! आणि हा गडी दर दहा मिनिटांनी निळा पडतो, वर नंबर दाखवतो. मला कुठं वाचता येतंय? मला दिसलं ते अंडं, फुली, मग अंड्यांची माळ. मुलगा ऑफिसातनं फोनवर, "बाबा, त्या नंबरातच कारण असतं. मेमरी गेली असेल." पुन्हा चालू केला, पुन्हा निळा, आणि नीलम म्हणते, नंबर दुसराच! दुरुस्तीवाला सुंदर म्हणतो, "अय्यो सार, बोर्डच पोच्चु, गेला! उद्या येतो." अहो, उद्या? परीक्षा आज! नीलमच्या डोळ्यांत पाणी, आणि बघते कुणाकडं? माझ्याकडं! तुम्हाला सांगतो, हात लावला नव्हता!

मी रेल्वेच्या कारखान्यात बत्तीस वर्षं बर्थच्या गाद्या शिवल्या. शाळा नाही बघितली, पण चाकाजवळ हाताची मागली बाजू धरून ताप ओळखणारी माणसं बघितलीत. दर वेळी नवंच दुखणं सांगतोय, म्हणजे अंगात ताप तर नसेल?... लावला शेवटी हात, मागं वायरींपाशी. चटकाच बसला! का नाही बसणार? धूळ जाऊ नये म्हणून मीच आठवड्यापूर्वी त्या पेटीला खोळ शिवलेली, बाहेरून रेक्झिन, आतून फोम, बटणापुरतं नि वायरींपुरतं भोक, बाकी चारी बाजूंनी बंद, अगदी फर्स्टक्लास बर्थ!

गपचूप सोलली. टेबलपंखा लावला. अडीचला चालू झाला तो पाचपर्यंत हूं नाही की चूं नाही. परीक्षा झाली, पोरगी हसली, "बाबा, काय केलंत तरी काय?" म्हटलं, काही नाही... हात लावला.

झालं, तिनं मजलाभर सांगितलं! संध्याकाळी समोरच्या अंबुजाबाई दारात, "मामा, उरलेल्या रेक्झिनची तुम्ही आम्हाला खोळ शिवून दिलीत, त्यात इतकं जपून ठेवलं तरी आमचाही कालपासून निळा पडतोय... जरा येऊन हात लावता का?"