सासऱ्यांची वैशिष्ट्ये

हसणार नसाल तर सांगतो. नाशिकला आमच्या घरी नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि मी विकीवर नामपूरचा लेख लिहिला होता. माझे सासरे तिथेच शिक्षक. लेखातल्या नेमक्या विभागावर नेणारा दुवा द्यायला मी त्याच आठवड्यात शिकलो होतो. सासऱ्यांच्या निरोप समारंभात तो लेख पडद्यावर लावला आणि माईकवर ऐटीत म्हणालो, "आता सरांच्या नावावर क्लिक केलं, की थेट सरांची वैशिष्ट्ये!"

क्लिक केलं. पडद्यावर आलं, 'वैशिष्ट्ये: खांदा मजबूत, आवाज मोठा, चारा भरपूर लागतो.'

ती नामपूरच्या बैलबाजारातल्या बैलांची होती; लेखात त्यांचाही 'वैशिष्ट्ये' विभाग होता. एका लेखात एकाच नावाचे दोन विभाग असले, की दुवा पहिल्यावर जातो, हे मला कुठे माहीत? सगळे हसत सुटले. बायकोने पदरात तोंड लपवलं. गोंधळून मी पुन्हा क्लिक केलं, तर पुन्हा बैलच.

"राहू द्या, जावईबापू," सासरे हळूच म्हणाले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

जेवताना मी मान खाली घालूनच सासूबाईंची माफी मागितली. पोळी वाढता वाढता त्या आपल्या अहिराणी वळणाने म्हणाल्या, "जाऊ द्या. चाऱ्याचं तेवढं खरं शे."