चहाच्या वेळी यंत्र बंद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो आहोत ते आपले सर, सरांच्या पत्नी, भाषाशास्त्र विभागातले प्राध्यापक आणि विद्यार्थी, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे दाराशी उभे राहिलेले सोशिक सज्जनहो,

मी या विभागातली नाही. माझं औषधांचं दुकान आहे. 'जेवणाआधी की जेवणानंतर?' एवढ्या एका प्रश्नावर माझा संसार चालतो. त्यामुळे आधीच्या वक्त्यांनी स्वर, व्यंजनं आणि प्रत्यय यांबद्दल जे सांगितलं, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. मला इथं बोलावलंय ते नात्यानं. सरांच्या ज्या जाडजूड ग्रंथाचं मघापासून कौतुक चाललंय, त्यातली भाषा बोलणाऱ्या दोघीच उरल्या होत्या. एक माझी आई आणि दुसरी तिची धाकटी बहीण, माझी मावशी.

मला ती भाषा येत नाही. आईनंच येऊ दिली नाही. शाळेत मागे पडाल म्हणायची. मात्र राग अनावर झाला की ती आपोआप त्या भाषेत शिरायची. त्यामुळे त्या भाषेतलं रागावणं मला उत्तम कळतं, प्रेमाचं काही कळत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, ते आधीच सांगून टाकते.

सर आईला आणि मावशीला या इमारतीत बोलवायचे, तेव्हा मी त्यांना सोडायला यायचे. वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या होत्या. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना जाड घोंगड्या लावलेल्या, पंखा बंद. आई एका खोलीत, मावशी दुसऱ्या. एकत्र बसवायची सोय नव्हती, कारण एकत्र बसल्या की आई मावशीचे उच्चार सुधारायची, मावशी चिडायची आणि दोघी एकदम बोलायच्या. दोन आवाज एकमेकांवर चढले की सरांच्या कामाचं काही उरायचं नाही. सरांचं म्हणणं बरोबरच होतं. मी काही शास्त्र शिकवायला उभी राहिलेली नाही.

मग काम सुरू व्हायचं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि श्वासानं ती हलते का बघायचं. तोंडात बॅटरी मारून जीभ कुठे टेकते ते पाहायचं. आई म्हणायची, "अगं, एवढं तर दातांच्या डॉक्टरनंसुद्धा कधी वाकून पाहिलं नाही!" प्रत्येक शब्द तीनदा म्हणायचा. मग वाक्यं. मी मासा पाहिला, तू मासा पाहिलास, आम्ही मासा पाहिला, त्यांनी पाहिला. एकदा घरी येऊन आईनं चपला काढता काढता सांगितलं, "आज दिवसभर सगळ्यांनी मासा पाहिला. खाल्ला कुणीच नाही."

आणि मधे चहा. चहाला दोघींना खोल्यांमधून सोडायचे, आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर बसणारे भाऊ यंत्र बंद करायचे. तसा नियमच होता. दोन खोल्यांमधल्या बोळात, बाकावर, कप हातात धरून या दोघी सकाळपासूनचं साठलेलं बोलून घ्यायच्या. काय बोलायच्या? मला कळत नव्हतं. पण हसून हसून मावशीच्या कपातला चहा बशीत यायचा. पलीकडचं दार उघडून कुणीतरी "शूऽऽ" करायचं. चहा संपला की पुन्हा आपापल्या खोलीत, पुन्हा मासा.

सर आईशी आणि मावशीशी त्यांच्या भाषेत कधीच बोलले नाहीत. सगळं येत होतं, पण बोलले नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी बोललो तर माझ्या चुका त्यांच्या तोंडी बसतील." केवढी ती काळजी! सोन्याच्या दुकानात वावरावं तसे सर त्या भाषेत वावरले, कुठे हात लागू नये म्हणून अंग चोरून. यात सरांचा आदरच होता. आई जिना चढून येईपर्यंत सर दारात उभे असायचे, आणि ती बसल्याशिवाय कधी बसले नाहीत.

आई गेली. आणि आता जे सांगणार आहे, ते सांगू का, असं मी सरांना आठवड्यापूर्वी विचारलं होतं. सर म्हणाले, "तेच सांगा. पोरांच्या कामी येईल." म्हणून धीर करते.

आई गेल्यावर सर भेटायला आले. मावशी पलंगावर बसली होती. तोवर ती कुणाशी धड बोलली नव्हती, रडलीही नव्हती. सर समोरच्या खुर्चीवर बसले, आणि मावशी त्यांच्याकडे बघून तिच्या भाषेत काहीतरी बोलली. त्यांच्याशीच बोलणार ना? ते समजणारा दुसरा माणूस आता या जगात होता कुठे? भरभर, अडखळत, पदर तोंडाशी धरून बोलली. आणि सरांचा हात वर गेला. इतक्या वर्षांची सवय हो! सर म्हणाले, "पुन्हा एकदा. सावकाश."

मावशीनं पदर खाली घेतला. ताठ बसली आणि सावकाश, स्पष्ट, पुन्हा म्हणाली. मग कुणी न सांगता तिसऱ्यांदा म्हणाली. तीनदा म्हणायचं असतं, हे तिला पाठच होतं.

सरांचा हात तसाच राहिला होता. चेहरा मात्र मला आजही बघवत नाही.  मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा विचारलं, "काय म्हणाली ती?" सर म्हणाले, "आधी मी जायचं असं ठरलं होतं, ताईनं मला फसवलं, असं म्हणाल्या." मी विचारलं, "मग तुम्ही काही उत्तर का नाही दिलंत?" सर चपला घालता घालता थांबले. म्हणाले, "त्यांच्याकडे अशा वेळी काय उत्तर देतात, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

तेव्हापासून मावशीनं ती भाषा तोंडातून काढलेली नाही. आमच्याशी बोलते, पण आमच्या भाषेत, आणि तेही औषध, जेवण, दार लावलं का, एवढंच. बहिणींचं बोलणं तिला ऐकवावं म्हणून मी इथल्या संग्रहात आले होते. एका विद्यार्थिनीनं बिचारीनं सगळी ध्वनिमुद्रणं धुंडाळली. आईचा आवाज भरपूर आहे, स्वच्छ आहे. मावशीचाही आहे. दोघी एकमेकींशी बोलताहेत, असं एकही वाक्य नाही. ती मुलगीच रडायला लागली, मग मी तिची समजूत काढत बसले.

मी आज इथं येणार म्हटल्यावर मावशीला विचारलं, सरांना काय सांगू? ती म्हणाली, "मास्तरला म्हणावं, परीक्षा संपली असेल तर ये आता. आणि चुकीचं बोल. ताई गेल्यापासून मला नावं ठेवायला कुणी मिळालं नाही."

हे तिचं झालं. आता माझं ऐका, सर. मघाशी अध्यक्ष महोदयांनी सांगितलं की तुम्ही आधी लेकीकडे परदेशी राहायला जाणार आणि परतल्यावर ग्रंथाची दुसरी आवृत्ती हातात घेणार. दोन्हींना शुभेच्छा. पण मावशी आज इथं का आली नाही, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तिला आता गर्दीत काही ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आहे ते थोडंच आहे आणि तेही जाणार. कानाला यंत्र लावूनही उपयोग नाही. तुम्ही परत याल तेव्हा ती असेल हो, देवाच्या कृपेनं असेल. पण तुम्ही बोललात तरी तिला ऐकू येणार नाही.

मला या व्यासपीठावर जागा दिलीत, एका दुकानदारणीचं एवढं ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, सरांच्या घरच्यांना लागलं असेल, तर घरचीच समजून पोटात घाला.

आणि सर, उद्या सकाळीच या. तिच्या डाव्या बाजूला बसा. उजव्या कानानं तिला काहीच ऐकू येत नाही.