कंगव्याचा सोडलेला दात

खमीसा : बसू नकोस. उभ्याउभ्या काय सांगायचं ते सांग.

रिहाब : खमीसा, पोर कडेवर आहे. ट्युनिसहून तीन तास गाडीत बसून आलेय.

खमीसा : तिला दे इकडे. तिच्याशी माझं भांडण नाही. ये गं, दोर्सा. बघ, केस किती वाढले माझ्या चिमणीचे! ओळखतेस का मला? ओळखते की. आईपेक्षा बरी आहेस... तू उभीच राहा.

रिहाब : निरोप मिळाला तशी निघाले. झालंय काय ते तरी कळू दे.

खमीसा : शुक्रवारी शाळेच्या खोलीत सगळ्या बायकांना बसवलंस, चष्मा लावून वाचून दाखवलंस, आणि वर मलाच विचारतेस?

रिहाब : ते करावंच लागतं आम्हाला. मुलाखतींतून जे समजलं ते सांगणाऱ्यांकडे परत न्यायचं. 'असंच म्हणालात ना?' असं विचारायचं. नाहीतर शहरात बसून आम्ही तुमच्या तोंडी वाटेल ते घालू.

खमीसा : घातलं असतंस तर वाचले असते मी.

रिहाब : अहो, पण तुमचं नाव कुठे घेतलं? फातिमा लिहिलं. चार मुलांची दोन केली. गावाचं नावही काढून टाकलं.

खमीसा : आणि कंगवा?

रिहाब : कुठला कंगवा?

खमीसा : थाळ्यावर माशाच्या पोटाखाली काढते तो. 'फातिमा म्हणते, मी कंगव्याचा एक दात मुद्दाम सोडते, कधीतरी कुणीतरी विचारावं म्हणून.' अगं शहाणे, या डोंगरावर नाव कोण बघतं? शेजारच्या सासियाला अलिफ ओळखता येत नाही. पण थाळ्यावरची एक रेघ दाखव तिला. हात कुणाचा ते सांगेल, आणि त्या दिवशी ती बाई घरात कुणाशी भांडली होती तेही सांगेल. तू नाव बदललंस आणि नक्षी ठेवलीस. तोंड झाकलंस माझं, हात उघडे टाकलेस.

रिहाब : ...नाही आलं लक्षात.

खमीसा : सहा महिने येत होतीस. माझ्या जाळाशी बसून शेणाच्या गोवऱ्या रचल्यास. मातीत जुन्या खापरांचा चुरा किती घालायचा ते तोंडपाठ झालं तुला. आणि हे लक्षात नाही आलं! तुझं वाचून झालं आणि एकेक बाई घरी जाऊन फळीवरचे थाळे काढून बघत बसली. उम्मींच्या, माझ्या सासूबाईंच्या नावानं चार वर्षांत गेलेले सगळे थाळे. एकूण एक कंगव्याचा दात सोडलेला.

रिहाब : लेल्ला मबरूकांना कळलं?

खमीसा : कळलं? पुढच्या रांगेत होती माझी सासू! तूच पाठीला उशी दिलीस त्यांच्या.

रिहाब : काही बोलल्या?

खमीसा : पहिले दोन दिवस नाही. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही, सासियाकडे जाऊन भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'माझे हात थरथरतात, ते चार भिंतींत होतं. तू ते परकीला दिलंस.' मग लेकाला फोन केला, रमझीला. रविवारी येतोय काम सोडून. मला माहेरी पोचवायला. मुलं इथेच राहणार, म्हणे.

रिहाब : देवा... खमीसा, मी तो सगळा भाग काढून टाकते. आज, आत्ता. गुरुवारी प्रबंध द्यायचाय, त्याच्या आत.

खमीसा : कागदावरून काढशील. सासियाच्या कानातून कसा काढशील?

रिहाब : मग काय करू? तुम्हीच सांगा.

खमीसा : उद्या परत जमव बायकांना. त्याच खोलीत. आणि सांग की फातिमा म्हणून कुणी नाही. ते तू तुझ्या मनानं रचलंस.

रिहाब : ...हे नाही जमणार.

खमीसा : का? जीभ जड होते?

रिहाब : मुलाखत रचली असं मी चारचौघींत म्हटलं, की माझं सगळं संपलं. चार वर्षांचं काम, पुढची नोकरी. आमच्या अभ्यासात मोजमाप नसतं, खमीसा. किती थाळे, किती बायका, याला आम्ही अर्थ देत नाही. एक माणूस काय म्हणालं, कसं म्हणालं, का म्हणालं, एवढंच. माणसाचा शब्द हाच पुरावा. तोच खोटा म्हटला तर हातात काय उरतं?

खमीसा : आणि माझ्या हातात? शब्द माझा होता ना? तू मशीन बंद केलंस. 'झालं, खमीसा, दमवलं तुम्हाला,' म्हणालीस. मग मी चहा ठेवला. ही दोर्सा माझ्या मांडीवर झोपली होती, घामेजलेली, मी पदरानं वारा घालत होते. तेव्हा बोलले मी. तुझ्याशी. मशीनशी नाही.

रिहाब : ते मी परत जाताना गाडीत वहीत लिहिलं. शिकवतातच तसं. मशीन बंद झालं की माणूस मनातलं बोलतं, ते विसरायच्या आत टिपून घ्यायचं.

खमीसा : हे शिकवतात? मोठ्या इमारतीत बसवून? आमच्याकडे याला चोरी म्हणतात, आणि ती न शिकता येते.

रिहाब : अंगठा दिला होतात तुम्ही संमतीच्या कागदावर.

खमीसा : अंगठा सकाळच्या बोलण्याला होता. चहानंतरच्या नाही.

रिहाब : मग दात का सोडत होतात? तुम्हीच म्हणालात ना, कुणीतरी विचारावं म्हणून? चार वर्षं थाळे गावभर फिरले, शहरात गेले. कुणी विचारलं? तुमच्या नवऱ्यानं? तुमच्या त्या सासियानं? मी विचारलं. मी एकटीनं.

खमीसा : विचार म्हटलं होतं मी. वाच नव्हतं म्हटलं.

(मबरूका काठी टेकत आत येते.)

मबरूका : भांडा, भांडा. खाली विहिरीपर्यंत ऐकू जातंय. ती पोरगी उभी का? बसायला दे तिला. घरी आलेल्याला उभं ठेवायची रीत कधीपासून लागली या घराला?

रिहाब : लेल्ला मबरूका, मी माफी...

मबरूका : माफी घरी ने. मला एक सांग. सहा महिने इथे जेवलीस. मला मशीनपुढे एकदा तरी बसवलंस?

रिहाब : तुमच्याशी तर सगळेच येऊन बोलतात, लेल्ला. टीव्हीवाले, परदेशी. आमचे सर म्हणाले, ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना विचार.

मबरूका : तुझे सर शहाणे दिसतात. मला सगळे माशाबद्दल विचारतात. मासा काय म्हणतो, कंगवा काय म्हणतो. मी काय म्हणते ते अजून कुणी विचारलेलं नाही. काढ मशीन.

रिहाब : आत्ता?

मबरूका : का, तेल संपलंय त्यातलं? खमीसा, चहा ओत. घसा कोरडा पडलाय.

खमीसा : माझ्या हातचा घ्याल, उम्मी?

मबरूका : ओत म्हटलं ना. बघतेस काय?

रिहाब : चालू केलंय. नियम म्हणून सांगते, लेल्ला, नको वाटेल तिथे तुम्हाला थांबता येईल. तुमचं नाव आम्ही...

मबरूका : नाव बदलायचं नाही. मबरूका लिही. वय सत्तर असेल नाहीतर पंचाहत्तर, नक्की सांगणारी आई कधीच गेली. आता ऐक. थाळे माझे. माती मी कालवते, मासा मी काढते, पानांचा रस मी लावते. कंगव्याचा दात राहतो कारण या वयात नजर चुकते. ही माझी सून. माती चाळते, गोवऱ्या वाळवते. मेहनती आहे. तोंडाला कुलूप नाही तिच्या, एवढंच.

रिहाब : लेल्ला, पण हे तर...

मबरूका : हे तर काय? माणसाचा शब्द हाच पुरावा, असं आत्ता कोण म्हणत होतं? का माझा शब्द हिच्यापेक्षा हलका?

रिहाब : नाही. हलका नाही.

मबरूका : मग दोन्ही लिही. फातिमा असं म्हणते, मबरूका तसं म्हणते. खरं कुणाचं ते तुझे सर ठरवतील. आणि उद्या बायकांना हे माझ्या आवाजात ऐकव. तू खोटी पडत नाहीस, मी पडत नाही. रमझीला मी कळवते, काम सोडून यायचं कारण नाही. खमीसा, मी बोलले ते बरोबर?

खमीसा : हो, उम्मी.

मबरूका : मोठ्यानं. मशीनला ऐकू जाऊ दे.

खमीसा : बरोबर आहे. थाळे उम्मींचे. मी माती चाळते.

रिहाब : खमीसा... मशीन चालूच आहे. तुम्हाला आणखी काही सांगायचंय?

खमीसा : नाही. पोरीला घे जरा. उम्मी, चहा सांडतोय अंगावर. पेला द्या, मी धरते.